चाळीस वर्षांच्या व्हिंटेज पोर्टचे दीडशे पाऊंड द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, आईबाबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतात. लग्न १९८५ चं. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. इथल्या एका दुकानात फोन्सेका १९८५ या व्हिंटेज पोर्टची एकच बाटली आहे, किंमत १५० पाऊंड. डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना न्यावी असं मनात आहे. बाबा कधीतरी एखादा ग्लास घेतात, आई घेत नाही. बाटली एवढ्या पैशांची आहे का? आणि हे ठरवायचं कसं?"

आधी सरळ उत्तर देते. (पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, व्हिंटेज म्हणजे एकाच चांगल्या वर्षाची, आणि फोन्सेका हे ती बनवणारं एक घराणं.) १९८५ ची फोन्सेका माझ्या मते त्या वर्षातल्या सर्वांत चांगल्या दोन-तीन पोर्टपैकी आहे. बाटली नीट सांभाळलेली असेल तर दीडशे पाऊंड मी स्वतः देईन. पण सांभाळलेली आहे की नाही, हे लेबलवरून कळत नाही. त्यासाठी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: ही बाटली तुमच्याकडे कुठून आली आणि त्याआधी कुठे होती? वाइनची पातळी नेमकी कुठवर आहे, फोटो पाठवाल का? आणि उघडल्यावर खराब निघाली तर पैसे परत द्याल का? तिन्ही उत्तरं समाधानकारक आली तर घ्या. पहिल्याच प्रश्नाला "जुनी आहे, छान आहे, वर्ष चांगलं आहे" असं गोल उत्तर मिळालं तर शंभरलाही घेऊ नका.

मी लंडनमध्ये जुन्या वाइनच्या लिलावांसाठी बाटल्या तपासायचं काम गेली बावीस वर्षं करते आहे. लोकांच्या तळघरांतून, बंद पडलेल्या क्लबांतून, वारशाने आलेल्या घरांतून पेट्या येतात. त्या उघडायच्या, एकेक बाटली टॉर्चसमोर धरायची, नोंद करायची आणि अंदाजे किंमत लिहायची. त्या अनुभवातून सांगते.

व्हिंटेज पोर्टची किंमत समजायची तर ती बनते कशी, हे थोडं माहीत हवं. उत्तर पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या खोऱ्यात, पाटीच्या दगडांच्या उतारांवर ही द्राक्षं होतात. या खोऱ्याच्या हद्दी मार्किस द पोंबालने १७५६ साली आखून दिल्या. तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरीझ अशा बऱ्याच जाती एकत्र तुडवतात, चांगल्या वाइनसाठी अजूनही दगडी हौदात पायांनी. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, साखर निम्मीच संपलेली असताना, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. आंबणं तिथेच थांबतं, गोडी राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. एवढी साखर, एवढा कस आणि एवढं अल्कोहोल एकत्र असल्यामुळेच ही वाइन पन्नास-साठ वर्षं टिकते.

आता मुद्द्याची गोष्ट. टॉनी पोर्ट वर्षानुवर्षं घराण्याच्या पिंपातच मुरते आणि प्यायला तयार झाली की बाटलीत भरली जाते. व्हिंटेज पोर्टचं तसं नाही. दशकातून साधारण तीनदा, वर्ष खरोखर चांगलं गेलं तरच घराणं ते व्हिंटेज म्हणून जाहीर करतं. पोर्ट वाइनची सरकारी संस्था नमुना चाखून मान्यता देते. मग कापणीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, न गाळता, ती बाटलीत भरतात आणि विकून मोकळे होतात. म्हणजे तुमच्या बाटलीच्या चाळीस वर्षांतली जेमतेम दोन-अडीच वर्षं ती बनवणाऱ्याच्या ताब्यात गेली. उरलेली सदतीस वर्षं ती कुणाच्या घरात, कुठल्या गोदामात, किती उकाड्यात होती, यावर सगळं अवलंबून आहे. फोन्सेकाने काय केलं ते १९८७ मध्येच संपलं. दीडशे पाऊंड तुम्ही दुकानदाराला देणार आहात ते पुढच्या मुक्कामाचे.

म्हणूनच जी बाटली पोर्तो शहरासमोरच्या व्हिला नोव्हा द गायातल्या, घराण्याच्याच तळघरातून कधी हललेली नाही, तिला लिलावात जास्त बोली लागते. वाइन तीच, वर्ष तेच, लेबल तेच.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते एकदा हातात घेऊन पाहिलं आहे. एका नामवंत घराण्याच्या १९७७ च्या पोर्टची बारा बाटल्यांची अख्खी लाकडी पेटी आमच्याकडे आली. मालकांनी ती घेतल्यापासून जिन्याखालच्या कपाटात ठेवली होती. पेटी कधी उघडलेली नव्हती, कागदपत्रं होती. वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार. बाटल्या बाहेर काढून ओळीने लावल्या तेव्हा पातळी डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली दिसली. एका टोकाच्या बाटल्या मानेपर्यंत भरलेल्या, दुसऱ्या टोकाच्या दोन खांद्याच्या मध्यापर्यंत आलेल्या, आणि त्यांच्या टोपणाखाली चिकट काळा पाक झिरपून वाळलेला. मालकांना विचारलं तर कळलं, त्या कपाटाच्या भिंतीतून बॉयलरचा पाइप जात होता. दोन्ही टोकांची एकेक बाटली मालकांच्या परवानगीने उघडली. थंड बाजूची अजून गडद, सुकं अंजीर, संत्र्याची वाळवलेली साल, तंबाखूच्या पुडीसारखा वास, तोंडात कितीतरी वेळ रेंगाळणारी. पाइपाकडची कोऱ्या चहाच्या रंगाची, नाकात आधी स्पिरिटचा भपकारा आणि मागे जळका गूळ. जेमतेम दोन हातांच्या अंतराने हा फरक पडला होता. त्या दिवसापासून "मूळ पेटीत, एकाच मालकाकडे" या शब्दांवर मी समाधान मानत नाही. पेटी कुठे होती, हे विचारते.

आता तुमच्या बाटलीकडे कसं पाहायचं ते सांगते. दुकान रेडिंगलाच आहे तर फोटोवर न थांबता स्वतः जा.

पहिली गोष्ट पातळी. बाटली उभी ठेवून मानेच्या मागून टॉर्च धरा, काच काळी असली तरी दिसतं. बूच वर्षानुवर्षं थोडंथोडं श्वास घेत असतं, त्यामुळे पातळी थोडी उतरणारच. चाळीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेत किंवा मान जिथे संपते तिथे असेल तर उत्तम. खांद्याच्या अगदी वरच्या कडेला असेल तर चालेल, पण किंमत कमी मागा. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर नाही म्हणा. १९४५ किंवा १९५५ च्या बाटलीला ही सूट देता येते, १९८५ च्या बाटलीला नाही.

दुसरी गोष्ट टोपण आणि बूच. टोपण हळूच फिरवून पाहा. सैल फिरलं तर चांगलं. घट्ट चिकटलेलं असेल तर खाली वाइन झिरपून वाळली असण्याची शक्यता आहे. बूच बाहेर आलेलं असेल, टोपणाचा माथा फुगलेला असेल, तर कधीतरी बाटली तापली होती. नव्वदच्या दशकापूर्वीची टोपणं बहुधा शिशाची असायची, म्हणून उघडताना टोपण पूर्ण काढून बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्या.

तिसरी गोष्ट रंग. मानेतून टॉर्चचा प्रकाश आरपार जाऊ द्या. तरुण व्हिंटेज पोर्ट कोकमाच्या आगळासारखी गडद, जवळजवळ काळपट असते. चाळिशीला ती विटेच्या रंगाकडे झुकते, पण मधोमध लाली शिल्लक असलीच पाहिजे. नुसता तपकिरी रंग दिसला तर ती थकलेली आहे. गढूळ दिसली तर मात्र लगेच घाबरू नका. कुणीतरी नुकतीच हलवली असेल तरी साका वर येतो.

लेबल फाटलेलं, डागाळलेलं असेल तर त्याची चिंता सोडा, किंबहुना खूश व्हा. दमट, थंड तळघरात कागद कुजतो आणि बूच मात्र ओलसर, तजेलदार राहतं. कोरं करकरीत लेबल कोरड्या जागेत राहिलेल्या बाटलीवरही असतं. जुन्या काळी तर अनेक बाटल्यांवर लेबलच नसायचं. काचेवर चुन्याचा एक पांढरा फटकारा मारलेला असायचा, आडवी ठेवताना कुठली बाजू वर, ते कळण्यासाठी. एवढी वर्षं खालच्या बाजूला बसलेला साक्याचा थर हलू नये, एवढंच त्याचं काम. अशा बाटलीची ओळख बुचावरून पटते, कारण घराण्याचं नाव आणि वर्ष बुचावर डागलेलं असतं. तुमच्या बाटलीच्या मानेवर पोर्तुगालची नंबर असलेली कागदी हमीपट्टीही असायला हवी.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण १९७० च्या मागची बाटली कुणी दाखवली तर ती कामाला येईल. पूर्वी व्हिंटेज पोर्ट पिंपांतून इंग्लंडला यायची आणि इथले व्यापारी ती आपापल्या तळघरात बाटल्यांत भरायचे. ब्रिस्टलचे हार्वे आणि एव्हरी, लंडनचे बेरी ब्रदर्स अशी नावं त्या बाटल्यांवर दिसतात. १९७० हे अशा पद्धतीचं शेवटचं मोठं वर्ष. १९७५ पासून सगळी व्हिंटेज पोर्ट पोर्तुगालमध्येच भरणं बंधनकारक झालं. त्यामुळे १९६३ च्या एकाच घराण्याच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या बुचांनी बंद केलेल्या असू शकतात. किंमत ठरवताना ती कुणी भरली, हाही प्रश्न असतो. तुमच्या १९८५ ला हा प्रश्न नाही.

आता पैशांचा हिशोब, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. इंटरनेटवर दिसणारी किंमत ही बहुतेकदा मागितलेली किंमत असते, विकली गेलेली नव्हे. शिवाय अनेक ठिकाणी ती बाँडमधली असते, म्हणजे ड्युटी आणि व्हॅट बाजूला ठेवून लिहिलेली. लिलावाचे जुने निकाल पाहिले तरी तिथे बऱ्याचदा फक्त हातोड्याचा आकडा असतो, म्हणजे कमिशन धरण्याआधीची शेवटची बोली. समजा अशी एक बाटली ७० पाऊंडांवर सुटली. त्यावर खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के धरलं तर साडेसतरा पाऊंड, कमिशनवर २० टक्के व्हॅट म्हणजे आणखी साडेतीन. झाले ९१. विमा आणि पाठवणी धरून शंभराच्या वर गेलात. माल बाँडमध्ये असेल तर ड्युटी आणि व्हॅट वेगळे. आणि लिलावात एकेक बाटली क्वचितच मिळते, सहा किंवा बारा घ्याव्या लागतात. शिवाय जशी आहे तशी घ्यायची, बुचाचा बुरशीचा वास निघाला तरी तक्रार नाही.

त्यामुळे सत्तर आणि दीडशे अशी तुलना करू नका. खरी तुलना शंभर-एकशेदहा आणि दीडशे यांची आहे. मधल्या चाळीस-पन्नास पाऊंडांत दुकानदाराने तुम्हाला काही द्यायला हवं: एकच बाटली घेण्याची सोय, कुठून आली याची खात्री आणि खराब निघाल्यास परतावा. हे तिन्ही तो देत असेल तर त्याचा नफा योग्य आहे, कुरकूर करू नका. त्याने ती मागच्या आठवड्यात लिलावातून उचलून फळीवर, दिव्याखाली उभी करून ठेवली असेल तर तो तुम्हाला काहीच देत नाही. उभ्या ठेवलेल्या बाटलीचं बूच वरून कोरडं पडतं. दुकानात शिराल तेव्हा ती आडवी आहे की उभी, आणि किती दिवसांपासून, एवढं नक्की पाहा.

वर्षाबद्दल थोडं. १९८५ जवळजवळ सगळ्या घराण्यांनी जाहीर केलं होतं. पण सगळ्यांच्या बाटल्या सारख्या उतरल्या नाहीत, काहींत बाटलीगणिक फरक पडतो आणि व्हिनेगरचा किंचित दर्प डोकावतो. फोन्सेका आणि ग्रॅहम्स ही दोन मी बिनधास्त सुचवते. मोठी नावं घेऊन वर्ष निवडायचं असेल तर १९६३, १९७०, १९७७, १९९४ ही मजबूत वर्षं. १९८० आणि १९८३ त्या मानाने स्वस्तात मिळतात आणि आज प्यायला छान लागतात. पण वर्षाची कीर्ती आणि घराण्याचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७७ एवढं गाजलं, पण कोबर्नने ते जाहीरच केलं नव्हतं. १९९१ आणि १९९२ मध्ये तर घराण्यांची सरळ विभागणी झाली: डाऊज, ग्रॅहम्स, वॉरेज यांनी १९९१ घेतलं, टेलर्स आणि फोन्सेकाने १९९२. समीक्षकांच्या गुणांबद्दल एवढंच सांगते, ते बहुधा वाइन तरुण असताना दिलेले असतात. फोन्सेका १९९४ आणि टेलर्स १९९४ ला वाइन स्पेक्टेटर या नियतकालिकाने पैकीच्या पैकी गुण दिले, तेव्हा त्या वाइन बाटलीत नुकत्याच शिरल्या होत्या. चाळीस वर्षांनी तुमच्या हातातल्या बाटलीला ते गुण लागू करता येत नाहीत. गेल्या तीन-चार वर्षांत कुणी ती उघडली आणि काय लिहिलं, ते वाचा.

एक गोष्ट नव्या लोकांना खरी वाटत नाही: जुनी पोर्ट खरं तर स्वस्त आहे. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी बाटल्या लिलावात नव्याने जाहीर झालेल्या वर्षांच्या आसपासच्या दराने जातात. म्हणजे चाळीस वर्षांची साठवण कुणीतरी तुम्हाला जवळजवळ फुकट देतं. कारण साधं आहे. इंग्लंडमध्ये जेवणानंतर पोर्टचा डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं) टेबलाभोवती फिरवायची रीत आता थोड्याच घरांत उरली आहे, आणि पूर्वी त्या रीतीसाठी भरून ठेवलेली तळघरं एकेक करून रिकामी होत आहेत. हे पाहून मला वाईट वाटतं, पण पिणाऱ्यासाठी ही संधी आहे. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे गुंतवणूक म्हणून पोर्ट घेऊ नका. साठवणुकीचं भाडं आणि विकतानाचं कमिशन वजा केलं तर हातात फारसं उरत नाही.

याला अपवाद दुर्मीळ बाटल्यांचा. किंता दो नोव्हाल या दोरूतल्या मळ्याच्या आवारात एक छोटासा तुकडा आहे, तिथल्या वेली कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. फायलोक्सेरा किडीने युरोपभर वेली मारल्यानंतर बहुतेक सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलमं बांधली गेली, म्हणून अशा वेलींचं एवढं अप्रूप. त्यातून निघणारी नासिओनाल ही पोर्ट फार थोड्या पेट्या होते, आणि १९३१ ची तर दंतकथाच झाली आहे. तिथे पैसे दुर्मीळपणाचे असतात. कितीही अप्रतिम असली तरी फोन्सेकापेक्षा तितक्या पटीने चवदार ती असूच शकत नाही. अशा बाटलीला बनावटपणाची शंकाही आधी घ्यावी लागते. दीडशेच्या १९८५ ची नक्कल करण्यात कुणाला फायदा नाही, म्हणून त्या बाजूने तुम्ही निश्चिंत राहा.

हे सगळं सांगून मी तुम्हाला आणखी दोन वाटा दाखवते, कारण तुमचा प्रसंग वेगळा आहे. पिणारे एक बाबा आणि फार तर दोन-चार पाहुणे, आणि बाटली विमानाने पुण्याला जायची आहे.

पहिली वाट कोल्हेइता. ही पण एकाच वर्षाची पोर्ट, पण किमान सात वर्षं आणि बऱ्याचदा कितीतरी जास्त पिंपात मुरलेली, म्हणजे एका वर्षाची टॉनी. लेबलवर कापणीचं वर्ष असतं आणि बाटलीत कधी भरली ते सालही. लग्नाचं १९८५ हे वर्ष लेबलवर हवं, एवढीच इच्छा असेल तर हिचा विचार नक्की करा. ती घराण्याच्या ताब्यात जास्त राहिली, म्हणून मुक्कामाचा धोका कमी. साका नसल्यामुळे प्रवासात हलली तरी बिघडत नाही. उघडल्यावर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते, म्हणजे बाबा रोज एक छोटा ग्लास घेऊ शकतात. चव मात्र वेगळी: अक्रोड, खारीक, कॅरमेल. फळांचा गडदपणा नाही. दुकानांत "१९८५ पोर्ट" एवढंच लिहून या दोन्ही प्रकारांची सरमिसळ केलेली दिसते, म्हणून तुमच्या बाटलीवर "व्हिंटेज" हा शब्द आहे ना, हेही तपासा. वर्ष दोन्हींवर असतं, पण आतली वाइन पूर्ण वेगळी.

दुसरी वाट, वर्षाचा आग्रह सोडला तर. कमी गाजलेल्या नावांच्या व्हिंटेज पोर्ट, उदाहरणार्थ स्मिथ वुडहाऊस किंवा गूल्ड कॅम्पबेल, यांची १९७७ आणि १९८३ ची वर्षं मला मोठ्या नावांच्या बरोबरीची वाटतात आणि दर कमी असतो. किंवा घराण्यांच्या एकाच मळ्याच्या पोर्ट: टेलर्सची वार्जेलाश, ग्रॅहम्सची मालवेदुश, डाऊजची बोंफिम. मोठं वर्ष जाहीर न केलेल्या सालांत त्या बनवतात, लवकर तयार होतात आणि किमतीच्या मानाने फार चांगल्या असतात. माझ्या घरी पाहुण्यांसाठी हीच बाटली उघडली जाते.

पण तुमच्यासाठी १९८५ हे साल महत्त्वाचं आहे, आणि ते कारण मला पटतं. फोन्सेकाच घ्यायची ठरवलीत तर पुढचं नीट ऐका, कारण दुकानात सगळं बरोबर करून पुण्यात बाटली वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य ड्युटीशिवाय आणता येतं, त्यामुळे ७५० मिलीच्या दोन बाटल्याही बसतात. चेक-इनच्या बॅगेत, स्वेटरांच्या मधोमध ठेवा. पोचल्यावर ती फ्रिजच्या वर, स्वयंपाकघरात किंवा गच्चीकडच्या खोलीत ठेवू नका. आतल्या खोलीतलं, भिंतीला टेकलेलं, अंधारं कपाट बघा. डिसेंबरचं पुणं यासाठी बरं आहे. मात्र लगेच उघडू नका. चाळीस वर्षांचा साका प्रवासात विस्कटलेला असतो आणि तसाच ओतला तर तोंडात चिखल आल्यासारखं वाटतं. किमान आठवडाभर, जमलं तर दहा दिवस, बाटली उभी ठेवा. म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी पुण्यात पोचत असाल तर ही भेट तुमच्यासाठी नाही. त्या परिस्थितीत कोल्हेइताच घ्या.

बाबांना आधी थोडी कल्पना द्या. आपल्याकडे "पोर्ट" म्हटलं की गोव्याहून आणलेली ती गोड लाल बाटली डोळ्यांसमोर येते, बऱ्याच घरांत मंडळी सुट्टीवरून येताना ती आणतात. तीच अपेक्षा ठेवून या बाटलीकडे पाहिलं तर ती फिकी आणि विचित्र वाटेल. ही गोड आहे, पण गोडी आता आत मुरली आहे, वर वास आणि लांबलचक चव आहे. छोट्या ग्लासात, ७०-८० मिली, हळू प्यायची. साका सोडून आठ-नऊ ग्लास निघतील. सोबत अक्रोड, खजूर, सुकं अंजीर किंवा कडसर चॉकलेट. श्रीखंड किंवा आमरसाबरोबर नको, आंबटगोड पुढे येऊन वाइन पातळ लागते. आणि जेवणाच्या शेवटी द्या, रस्सा तोंडात असताना नको.

त्या संध्याकाळी पाहुणे यायच्या दोन-अडीच तास आधी उघडा. पोर्टच्या बाटलीची मान मधे किंचित फुगलेली असते. बूच त्या फुगवट्यात पसरून बसतं आणि ओढताना वरचा अर्धा भाग हातात येऊन खालचा तुटतो. म्हणून लांब मळसूत्राचा कॉर्कस्क्रू घ्या, बाटली तिरकी न करता तो पार खालपर्यंत फिरवा आणि घाई न करता, दर थोड्या वेळाने थांबत, ओढा. तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकला, काही बिघडत नाही. पूर्वी इथल्या घरांत यासाठी खास चिमटा असायचा, लाल होईपर्यंत तापवून मानेला लावायचा आणि लगेच ओलं फडकं फिरवायचं, की मान सरळ रेषेत तडकायची. तुम्ही त्या फंदात पडू नका.

डिकँटर नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालेल. त्यावर धुऊन वाळवलेल्या मलमलीचा एक पदर ठेवा, साबणाचा वास नसलेला. मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकाच दमात, हात न हलवता ओता. मानेत काळी धार दिसली की थांबा. तळाशी दोन बोटं उरतील, ती फेकून द्या, तिथे लोभ नको. जगमध्ये ओतलेल्या वाइनचा आधी वास घ्या. पावसात भिजलेल्या पोत्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती खराब आहे. दुकानदाराने परताव्याचा शब्द दिला असेल तर वाइन परत बाटलीत भरून फोटो काढा आणि त्याच रात्री त्याला कळवा. नुसता स्पिरिटचा वास आला तर मात्र अर्धा तास थांबा, बऱ्याचदा तो निघून जातो. उरलेली दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

बूच अख्खं निघालं तर पुसून बाजूला ठेवा. त्यावर फोन्सेका आणि १९८५ डागलेलं असेल. तुमच्या आई पीत नाहीत, ते त्यांना द्या.